दहावं ताट

"आठ!" वत्सलाताई खणखणीत ओरडल्या आणि मोजणी पूर्ण झाली.

"सगळे आले, चला," मी म्हणाले, आणि आमची पलटण डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टकडे निघाली.

आमच्या कंपनीत मोजणीची हीच पद्धत होती. नाशकाहून गाडी सुटतानाच प्रत्येक पाहुण्याला नंबर द्यायचा. मग जिथे थांबू तिथून निघताना एकाने 'एक' ओरडायचं, दुसऱ्याने 'दोन', आणि शेवटचा आकडा ऐकू आला की मॅनेजरने म्हणायचं, सगळे आले, चला. मॅनेजरला नंबर नसे. मोजणारा माणूस मोजणीत कशाला, असा साधा हिशेब.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. धवलीखाल नावाचं ते गढवालमधलं बर्फाचं गाव, फेब्रुवारी महिना, दुपारचे बारा. जिकडेतिकडे भाड्याचे लाल-निळे डगले घालून लोक पायाला फळ्या बांधत होते, दोन पावलं घसरत होते आणि धपकन बसत होते. आमच्यातलं कुणी त्या फळ्यांच्या वाटेला गेलं नाही. आठांपैकी सहा जणांचे गुडघे आधीच संपावर होते.

मी तिथे वेगळ्याच कामाला आले होते. कंपनीच्या मालकीणबाई, श्यामलाताई, यांना पुढच्या मोसमाची यादी पक्की करायची होती. धवलीखालमधली महागडी हॉटेलं यादीत ठेवायची की खालच्या ढाब्यावर डाळ-भात घालून पाहुण्यांना परत आणायचं, हे मी ठरवून यायचं होतं. त्यांनी मला एक वही दिली होती. चव, स्वच्छता, शौचालय, दर, आणि शेवटचा रकाना: 'परवडतं का?' बरोबर आठ पाहुणे दिले होते, निम्म्या दरात. त्यांनी खायचं आणि तोंड उघडून मत द्यायचं, एवढंच काम.

मत द्यायला चिटणीसकाका एकटे पुरेसे होते. वीज मंडळातून निवृत्त झालेला हा माणूस मेनूकार्ड उजवीकडून डावीकडे वाचायचा, आधी दर आणि मग पदार्थ. पहिल्या दिवशी काचेच्या भिंतींच्या हॉटेलात साडेचारशे रुपयांच्या सूपमध्ये त्यांनी मक्याचे दाणे मोजले. अकरा निघाले. दुसऱ्या हॉटेलात टेबलावर जळता दिवा ठेवून त्यावर वितळलेल्या चीजचं भांडं आलं, त्यात पावाचे तुकडे काटा टोचून बुडवायचे होते.

"म्हणजे पिठलं-भाकरीच," काका म्हणाले, "फक्त पिठलं कच्चं आणि भाकरी चौकोनी."

दोन्ही हॉटेलांपुढे मी 'नाही' लिहिलं. तिसरं राहिलं होतं, ते लिफ्टच्या वरच्या टोकाला. बुरांश. तिथे एका ताटाचे अकराशे रुपये होते, त्या काळातले.

खरं सांगायचं तर बुरांशपुढचं 'नाही' मी नाशकातच ठरवून आले होते. ते एकदा यादीतून गेलं की मला त्या डोंगरावर पुन्हा पाऊल ठेवावं लागणार नव्हतं.

ते नाव यादीत घातलं होतं निरंजनने. निरंजन खांबेटे, माझ्या आधीचा मॅनेजर. मला हे काम त्यानेच शिकवलं. आदल्या वर्षी याच महिन्यात आम्ही दोघं बावीस जणांना घेऊन इथे आलो होतो. जेवून सगळे खाली गाडीपाशी आल्यावर एका आजींची कानटोपी वर राहिल्याचं लक्षात आलं. निरंजन ती आणायला परत लिफ्टने वर गेला. तेवढ्यात वारा सुटला, लिफ्ट बंद पडली, तो पायी उतरायला लागला आणि धुक्यात वाट चुकला. तिसऱ्या दिवशी सापडला. टोपी खिशात होती.

'तुम्ही व्हा पुढे, मी जीपने मागून येतो,' असं तो म्हणाला होता, म्हणून आम्ही निघालो, हे मी सगळ्यांना सांगितलं. श्यामलाताईंना, पोलिसांना, आणि त्याच्या आईला, सिंधूकाकूंना. मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायची. दर वेळी त्या तेच म्हणायच्या, "असा कसा ग हा बावळटासारखा म्हणाला, व्हा पुढे? स्वतःच्या हाताने जीव घालवला मेल्याने." मी खाली मान घालून चहा प्यायची.

लिफ्टच्या खुर्च्या दोघांच्या होत्या. चार खुर्च्यांत माझे आठ जण बसवले आणि पाचवीत मी एकटी बसले. या जोडखुर्च्यांची एक खोड असते. एकटा माणूस बसला की खुर्ची त्याच्या बाजूला कलते आणि वर पोचेपर्यंत तो दांड्याला लोंबकळत राहतो. निम्म्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मी आरामात बसले आहे. खुर्ची अगदी सपाट होती. शेजारच्या जागेवर बर्फाचे चार कण पडले होते, बस.

मी वर पोचेपर्यंत पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

बुरांश म्हणजे दगड-लाकडाचं बैठं घर. मालक सुभेदार गुसाईं दारातच उभे होते. सत्तरीचे, ताठ, पांढऱ्या मिशा. तोपखान्यात असताना अकरा वर्षं देवळालीला काढल्यामुळे त्यांना मराठी येत असे.

"या या, नाशिकवाले! हातपाय शेकून घ्या. ताटं लागली आहेत."

आत एकच लांब टेबल होतं. चार-चार दोन्ही बाजूंना, एक डोक्याशी. आणि एक दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ.

"सुभेदारसाहेब, आम्ही नऊ आहोत," मी म्हणाले.

"खालून लिफ्टवाल्याचा फोन आला, दहा येताहेत."

"त्याची चूक झाली. आठ पाहुणे आणि मी."

"बेटी, तो लिफ्टवाला बावीस वर्षं माणसं मोजतो," ते म्हणाले आणि आत गेले.

ताट मात्र उचललं नाही. आणि मी उचला म्हणाले नाही, कारण ती जागा मला माहीत होती. निरंजन तिथे बसायचा. तिथून सगळी टेबलभर माणसं दिसतात, कुणाला काय कमी पडलं ते कळतं, असं म्हणायचा.

जेवण आलं. राजमा, मंडुव्याची रोटी, घरचं लोणी, मुळा ठेचून केलेली थेचवाणी आणि झंगोऱ्याची खीर. चिटणीसकाकांनी रोटी उलटीपालटी करून पाहिली.

"हेमांगी, ही नाचणीची भाकरी आहे."

"हो काका, इथे तिला मंडुवा म्हणतात."

"आणि ही खीर भगरीची. आमच्याकडे उपासाला करतात. अकराशे रुपये देऊन मी उपास करू?"

"सगळं खालून खेचरावर येतं," सुभेदार म्हणाले. "पाणीसुद्धा."

"मग मलाही खेचरावरच आणायचं, लिफ्टचं तिकीट तरी वाचलं असतं!"

सगळे हसले, पण जेवले मन लावून. राजमा तर असा होता की काकांनीसुद्धा तीनदा मागून घेतला आणि दर वेळी दराचा उल्लेख केला. सुभेदारांनी दहाव्या ताटातही सगळं वाढलं, लोण्याचा गोळासुद्धा. वत्सलाताई त्याच्या शेजारी होत्या. विधवा बाई, एकट्या फिरायच्या, कशाला घाबरायच्या नाहीत.

"कुणी नाहीये ना इथे? मग ही भाकरी मी घेते, आत्ताच तव्यावरून आली आहे," म्हणून त्यांनी हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काय झालं?"

"गार आहे ग," त्या बोटं चोळत म्हणाल्या. "माझी अजून हातात धरवत नाही, आणि ही बर्फासारखी."

कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

बिल आलं दहा ताटांचं. चिटणीसकाकांनी चष्मा लावला.

"साहेब, आम्ही नऊ जण जेवलो."

"वर आले दहा. जो वर आला त्याचं ताट लागतं. माझ्याकडे असाच नियम आहे."

"पण दहावा आहे कुठे? दाखवा की!"

सुभेदारांनी उत्तर माझ्याकडे बघून दिलं. "दुसऱ्या लोकांबरोबर तो येत नाही. खाली मराठीत मोजणी झाली की येतो. डिसेंबरात पुण्याचा एक ग्रुप आला होता, तेव्हा आला. आज आला."

पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून मी पैसे दिले. वहीत शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहून टाकलं. आणि तेव्हा मी ती चूक केली. आपल्याकडच्या कुणीही केली असती. भरलेलं ताट समोर होतं, पैसे दिलेले होते, आणि अन्न टाकायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

"हे पार्सल करून द्या," मी म्हणाले.

"शाब्बास!" काकांनी पिशवीतून आपला स्टीलचा डबा काढला. हा माणूस डब्याशिवाय कुठे जात नसे. "रात्री गाडीत होईल कुणाला तरी."

सुभेदारांनी डब्यावर हात ठेवला. "हे ताट इथेच राहू दे, बेटी. तुम्ही उतरलात की मी दार लावतो. तो इथे बसून जेवतो, शेगडीजवळ. खाली नेलंत तर तो उपाशी उतरेल."

"कोण उतरेल?" चिटणीसकाका म्हणाले.

"सुभेदारसाहेब, पैसे दिले आहेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "अन्न आमचं आहे."

त्यांनी हात काढला. मी स्वतः ते ताट डब्यात रिकामं केलं. डबा इतका गार होता की मफलरमध्ये गुंडाळून घ्यावा लागला.

बाहेर आलो तर वारा सुटला होता आणि खुर्च्या तारेवर नुसत्या झुलत होत्या. लिफ्ट बंद.

"तासभर बसा," सुभेदार म्हणाले. "वारा पडेल."

"चहा केवढ्याला?" काकांनी विचारलं.

"दीडशे."

"नऊ चहा, म्हणजे..." काका हिशेब करू लागले आणि बाकीच्यांनी काठ्या उचलल्या. मीही थांबा म्हणाले नाही. पाच वाजता खालचा घाट बंद होणार होता, आणि मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. खेचरांची वाट पाऊण तासाची, तुडवलेली, दर वीस पावलांवर लाल फडकं बांधलेला बांबू. एका ओळीत, एकमेकांच्या पिशवीला धरून निघालो. पुढे मी, शेवटी वत्सलाताई.

पहिल्या वळणावर धुकं आलं, आणि असं आलं की माझ्या मागच्या काकांची फक्त टोपी दिसत होती. मी थांबून ओरडले, "मोजणी!"

"एक!" "दोन!" "तीन!" आवाज मागे मागे जात राहिले. "सात!" "आठ!"

"नऊ," कुणीतरी म्हणालं.

शांत, जरा दमलेला, पुरुषाचा आवाज. सगळ्यांच्या मागून.

"हेमांगी, आज तूही नंबर घेतलास वाटतं," मधून, धुक्यात दिशा न कळलेलं कुणीतरी म्हणालं. "घसा बसला ग तुझा."

मी पुढचा बांबू शोधला आणि पाय उचलला.

दुसऱ्या वळणावर मोजणी करायची नाही असं मी ठरवलं होतं. पण एका बाईंचा पाय घसरला, आरडाओरडा झाला, आणि मोजल्यावाचून गत्यंतर नव्हतं. सात. आठ. नऊ. या वेळी वत्सलाताई मागून म्हणाल्या, "हेमांगी, माझ्या मागे कुणी आहे का ग?"

"तुम्ही शेवटच्या आहात ताई. मागे बघू नका. पाय बघा."

"बघत नाहीये मी," त्या म्हणाल्या. "पण माझी पिशवी कुणीतरी धरली आहे."

मी मरणाची घाबरले होते. भुताला नाही, निरंजनला. तो माझ्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता, आणि आता काय बोलेल याची मला भीती वाटत होती. मफलरमधला डबा छातीला लागत होता आणि तेवढा भाग बधिर झाला होता.

तिसऱ्या वळणावर बांबू संपले. वाऱ्याने पाडले की बर्फात गेले, कोण जाणे. समोर दोन पांढऱ्या वाटा होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. एक खेचरांची, आणि दुसरी पुढे दहा पावलांवर तुटलेली. निरंजन तिथेच खाली सापडला होता. कुठली वाट कुठली ते मला सांगता येईना. मागे आठ माणसं थरथरत उभी होती. त्यांच्या मुलांनी, सुनांनी त्यांना माझ्या भरवशावर पाठवलं होतं.

"मोजणी," मी कसंबसं म्हणाले.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ.

मग काहीच नाही. मी कान मागे लावून उभी. आणि आवाज आला तो मागून नाही. समोरून आला. उजव्या वाटेवरून, बराच पुढून.

"नऊ."

"कोण आहे तिकडे?" चिटणीसकाका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान मुलासारखा झाला होता. "हेमांगी, पुढे कोण गेलं? तू तर इथे आहेस."

त्या आवाजामागून जायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं. माझ्या जागी तो आणि त्याच्या जागी मी असते तर मी त्याला वाट सांगितली असती की दरी दाखवली असती? मी उत्तर शोधत राहिले आणि मला कळलं की मला त्याच्यावर संशय घेण्याचा हक्कच नाही. मग जे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं, ते मी धुक्याला सांगितलं. मोठ्याने. आठही जणांनी ऐकलं.

"निरंजन, तू 'व्हा पुढे' म्हणाला नव्हतास. तू म्हणालास, 'दहा मिनिटं गाडी थांबव, मी आलोच.' बर्फ पडायला लागला, माणसं ओरडायला लागली, ड्रायव्हर म्हणाला घाट बंद होईल. मी मोजलं, बावीस आले, आणि मी म्हणाले सगळे आले, चला. तू मोजणीत नव्हतास. मी तुला मोजलं नाही. आणि नंतर तुझ्या आईशी खोटं बोलले."

वारा क्षणभर पडला.

"नऊ," तो पुन्हा म्हणाला, तिथूनच. रागावलेला नव्हता. गाडीत उशिरा चढणाऱ्या म्हाताऱ्यांना हाक मारायचा, तसाच सूर.

मी डबा मफलरमधून काढला, झाकण उघडलं आणि दोन वाटांच्या मधे बर्फावर ठेवला. त्या थंडीत त्यातून वाफ निघाली. राजम्याचा वास आला, आत्ता चुलीवरून उतरवल्यासारखा.

"उजवीकडे," मी म्हणाले, आणि निघाले.

पंधरा मिनिटांत लिफ्टचा खालचा खांब दिसला. गाडीपाशी मोजणी केली. आठपर्यंत आली आणि थांबली. मी तशीच उभी राहिले. गाडीचं दार उघडं, आत थंडी शिरते आहे, ड्रायव्हर विचारतो आहे, "चलें?" मी पूर्ण दहा मिनिटं गाडी थांबवली. कुणी कुरकुरलं नाही. दहा मिनिटांनी मी म्हणाले, "नऊ," माझा नंबर, आणि आत चढले. चिटणीसकाकांनी डबा परत मागितला नाही. त्या गाडीत नाही, आणि पुढे कधीच नाही.

नाशकात श्यामलाताईंनी वही उघडली. बुरांशपुढच्या रकान्यातलं 'नाही' खोडलेलं होतं.

"अकराशेची भाकरी आपल्याला परवडते?" त्यांनी विचारलं.

"परवडते. आणि एक ताट जास्त धरा, दर खेपेला."

"जास्तीचं कुणासाठी?"

मी सांगितलं. थोडक्यात गुंडाळलं नाही, गाडी थांबवायचं त्याने सांगितलं होतं इथपासून सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिल्या. मला कामावरून काढतील असं वाटलं होतं. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'यापुढे मॅनेजरचा नंबर एक.' मग मला म्हणाल्या, "मी तुला ठेवते की काढते, ते नंतर. आधी सिंधूताईंकडे जा."

सिंधूकाकू गवार मोडत होत्या. मी बोलत होते तोवर त्यांचे हात थांबले नाहीत. सगळं बोलून झालं, गवार संपली, तरी त्या रिकाम्या परातीत बोटं फिरवत होत्या.

"थांबव म्हणाला होता?"

"हो काकू."

"आणि मी वर्षभर त्याला बावळट म्हणत बसले. त्याच्या फोटोसमोर."

मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"रडू नकोस माझ्यासमोर. माझ्याकडून तुला काही मिळायचं नाही आज." मग परात बाजूला सारत, "अजून थांबलाय म्हणतेस?"

"मोजणी झाली की येतो. वर जातो, जेवतो, आणि त्या वळणापर्यंत उतरतो. त्याच्या पुढे नाही."

"पुढच्या फेब्रुवारीत माझं तिकीट काढ," त्या म्हणाल्या. "तोवर या घरी येऊ नकोस. स्टेशनवर भेट."

मी गेले नाही. फेब्रुवारीत स्टेशनवर भेटले. अख्ख्या प्रवासात त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. हातात एक पिशवी होती, ती रात्रीसुद्धा उशाखाली.

लिफ्टच्या खाली मी मोजणी घेतली. आता एक नंबर माझा होता. पाहुणे सहा होते, सहाव्या पाहुण्या सिंधूकाकू, म्हणून शेवटचा आकडा त्यांचा. त्यांनी "सात" म्हटलं आणि तिथेच उभ्या राहिल्या, मान जराशी कलती करून. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नाही. त्या मात्र हसल्या. निरंजन गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"काकू, माझ्याबरोबर बसा खुर्चीत," मी म्हणाले.

"नको," त्या म्हणाल्या. "तू मागच्या खुर्चीत ये."

लिफ्टवाल्याने दांडा खाली घेतला, आत वळून फोन उचलला आणि वर सांगितलं, "आठ."

मी मागच्या खुर्चीत एकटी होते. माझी खुर्ची माझ्या बाजूला चांगलीच कलली होती आणि मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसले होते. पुढच्या खुर्चीत सिंधूकाकूंनी पिशवीतून लोकरीची कानटोपी काढली, स्वतः विणलेली, आणि शेजारी धरून काहीतरी रागे भरत राहिल्या. वाऱ्यामुळे मला शब्द कळले नाहीत. एकट्या बाईला घेऊन ती खुर्ची बर्फावरून वर जात होती, आणि जराही कलली नव्हती.